काजळाच्या डबीतला ट्रान्झिस्टर

बाबा, आज मी तुमच्याशी भांडायला बसले आहे. तुम्ही होते तेव्हा जमलं नाही. तुमच्यासमोर तोंड उघडलं की माय डोळे वटारायची आणि तुम्ही नुसते "हं?" म्हणायचे, तेवढ्यानंच माझी बोबडी वळायची. तुम्हाला जाऊन आता एकतीस वर्षं झाली. माय होती तोवर तुमच्या फोटोला हार घालत होती. मी एकदाही घातला नाही, हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल म्हणून सांगते. लोक म्हणतात, गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये. का बोलू नये? जिवंतपणी बोलू देत नाहीत आणि मेल्यावर बोलू नये म्हणतात, मग लेकीनं बोलायचं तरी कधी?

पांढरकवड्याला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत आपलं घर आणि घराच्या पुढच्या खोलीत तुमचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. पलटणीत वायरलेसवर काम केलेलं, तिथून ही विद्या घेऊन तुम्ही आलेले. नागपूर-हैदराबाद रस्त्यानं जाणारे ट्रकवाले बिघडलेला सेट टाकून जायचे आणि परतीच्या फेरीत घेऊन जायचे. त्यातला एक "उस्ताद, तुम्हारे हाथ में जादू है" म्हणाला होता, ते तुम्ही आम्हाला कितीदा ऐकवलं, त्याला गणती नाही. गावातले बडे लोक मात्र सेट उंबऱ्यावर ठेवायचे, बाहेर स्टुलावर बसायचे आणि मायनं पाण्याचा गडवा पुढे केला की "तहान नाही" म्हणायचे. भर मे महिन्यात तहान नाही! छप्पन साली तुम्ही नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले आणि दुसऱ्याच दिवशी घरातले देव उचलून नदीला पोचवले. कोनाडा रिकामा झाला. त्या कोनाड्यात तुम्ही स्वतःच्या हातानं बनवलेला पाच व्हॉल्वचा रेडिओ ठेवला, आणि माय रोज सकाळी तो पदरानं पुसायची. त्या रेडिओचा आवाज ऐकत मी अभ्यास केला, त्याच्यावर माझा जीव होता, हे कबूल करते. तुमच्यावरही होता. म्हणून तर एवढा राग आहे.

तुमची काम करायची रीत मला अजून पाठ आहे. सेट उघडायचा, आतले व्हॉल्व तांबूस पेटले की नाही ते बघायचं, एकेकाला उलट्या हातानं ताप बघतात तसा हात लावायचा. मग बोट थुंकीनं ओलं करून व्हॉल्वच्या डोक्यावरच्या टोपीला टेकवायचं. स्पीकरमधून घूं आवाज आला की तिथपर्यंत सेट जिवंत. नाही आला की दोष तिथेच. ना यंत्र, ना मीटर. गावात वीज नुकतीच आलेली आणि अर्धा दिवस नसलेली, म्हणून कथलानं तारा जोडायची, डाग लावायची तांब्याच्या टोकाची डागणी तुम्ही मायच्या शेगडीत तापवायचे. "भाकर करू का तुमचं लोखंड तापवू?" असं माय रोज विचारायची आणि रोज तुमचं लोखंडच आधी तापायचं. डाग असा लावायचे की पुन्हा सुटायची बात नाही. डागणी टेकवायची आणि कथील पाण्यासारखं वाहेपर्यंत उचलायची नाही. तुम्ही म्हणायचे, "घाई केली का डाग कच्चा राह्यते." व्हॉल्वच्या सेटमधल्या जाड पत्र्यासाठी ते बरोबरच होतं.

मग ट्रान्झिस्टर आले. जपानी कंपन्यांचे, हातात मावणारे, चामड्याच्या खोळीतले सेट. तुम्ही पहिल्यांदा एक उघडला, आत डोकावले आणि तुमचं तोंड असं झालं की जणू कोणीतरी खोटं नाणं हातावर ठेवलंय. "याच्यात काच नाई, उजेड नाई, काई तापून नाई राह्यलं. जीव कुठं हाय हेच दिसत नाई तं दुरुस्त काय कराचं?" त्याच सुमारास तुमच्या हॉलंडच्या कंपनीनं, ज्यांचे व्हॉल्व तुम्ही सोन्यासारखे जपून ठेवायचे, खोक्याबरोबर एक इंग्रजी चोपडं पाठवलं होतं. सेटला ज्याचं नाव पडलं तो आतला, व्हॉल्वच्या जागी बसणारा तीन पायांचा इवलासा ट्रान्झिस्टर कसा हाताळावा त्याचं. मी मॅट्रिकला होते. डिक्शनरी घेऊन मी ते अख्खं वाचलं. पायाला डाग देताना पाय पकडीनं धरावा म्हणजे उष्णता पकडीत जाते, आत जात नाही, आणि डागणी दोन-तीन सेकंदांहून जास्त टेकवू नये, असं त्यात चित्रासकट छापलेलं होतं. मी तुम्हाला वाचून दाखवायला आले तर तुम्ही म्हणाले, "ठेव तिकडे. पुस्तकानं रेडिओ दुरुस्त होत नाई."

आता त्या दिवसाकडे येते. पळू नका.

जूनचा पहिला आठवडा. मी मॅट्रिक पास झाले आहे, आपल्या वस्तीतली पहिली मुलगी. यवतमाळला कॉलेज आहे, सायन्स आहे, मुलींचं वसतिगृह आहे. वसतिगृहात जागा मिळायला हेडमास्तरांची चिठ्ठी पाहिजे, "मुलगी हुशार आहे, वर्तणूक चांगली आहे" एवढीच. हेडमास्तर सकाळी स्वतः आले आहेत. त्यांच्या जावयानं मुंबईहून आणलेला जपानी सेट खरखर करतो आहे. ते बाहेर स्टुलावर बसले आहेत, खिशात पेन आहे, आणि हसत हसत म्हणाले आहेत, "हा बोलू लागला की तुमच्या लेकीची चिठ्ठी इथेच बसून लिहून देतो." मी कोरा कागद घेऊन दारात उभी आहे. कागद घामानं ओला होऊ नये म्हणून मी तो पदरात धरला आहे.

तुम्ही सेट उघडता. सेल काढून मला देता. एका ट्रान्झिस्टरचा पाय सुटायला आला आहे, हे तुम्हाला लगेच दिसतं. नजर होती तुम्हाला, ते मी कधी नाकारलं नाही. शेगडीतून डागणी येते, लालभडक. मी बघते की तुमचा दुसरा हात रिकामा आहे. पकड बाजूलाच पडली आहे. मी हळूच म्हणते, "बाबा, पाय पकडीनं धरा. गरमी आत जाते." बस, एवढंच. पण ते हेडमास्तरांनी ऐकलं. ते हसले. "काय हो, आता लेक शिकवते वाटतं!"

तुमचा चेहरा मला दिसतो आहे बाबा. तुम्ही पकडीकडे बघितलं. बघितलं होतं, नाही म्हणू नका. आणि तिला हात न लावता तुम्ही म्हणाले, "मले शिकवून राह्यली काय वं? पलटणीत होतो मी, तू जल्मली नोयती तवा." आणि डागणी टेकवली. मी मनात मोजते आहे. दोन. तीन. पाच. आठ. कथील वाहिलं, चकचकीत पक्का डाग झाला, मग तुम्ही डागणी उचलली. "घाल सेल," तुम्ही म्हणाले. मी सेल घातले. तुम्ही बटण फिरवलं. काही नाही. खरखरही नाही. थोडा वेळ गेला आणि जळल्याचा बारीक वास आला.

तुम्ही झटक्यानं सेट ओढला, झाकण काढलं, सेल तळहातावर ओतले आणि मूठ मिटली. हेडमास्तरांनी विचारलं, "काय झालं?" आणि तुम्ही म्हणाले, "पोट्टीनं सेल उलटे घातले जी, गुरुजी. जळला."

मी म्हणाले, "बाबा, मी सरळच घातले होते."

"चूप. आत जाय."

हेडमास्तर उठले. त्यांनी पेनाचं टोपण काढलं होतं, ते परत बसवलं. "साधे दोन सेल सरळ घालता येत नाहीत, आणि हिला सायन्सला पाठवायचं म्हणता?" एवढं बोलून ते सेट तिथेच टाकून गेले. तुम्ही हात जोडून उभे होते. माय पिठाचे हात घेऊन आतल्या दारात उभी होती. माझा कागद कोराच राहिला.

तुम्ही तसं का केलं ते मला कळत नाही असं समजू नका. चांगलं कळतं. "माझ्या हातानं गेला" म्हणाले असते तर दुसऱ्या दिवशी बाजारात झालं असतं की यांच्या लोकांना कशाला द्यायचं असलं काम, यांना मेलेली ढोरं ओढू द्या. उंबऱ्यावर सेट ठेवायलाही कोणी आलं नसतं. एका बाजूला दुकान होतं, दुसऱ्या बाजूला मी होते, आणि तुम्ही दुकान उचललं. मला सगळं कळतं, आणि कळूनही मी माफ करत नाही. पोरीची चूक म्हटलं की जग लगेच मान डोलावतं, हे तुम्हाला माहीत होतं. तुम्ही तेच वापरलं. देव नदीत सोडून आलेला माणूस तुम्ही! सगळे माणसं सारखे म्हणून आम्हाला शिकवलं, आणि वेळ आली तेव्हा घरातल्या सगळ्यांत हलक्या माणसावर ढकलून मोकळे झाले.

संध्याकाळच्या आत तुम्ही कोनाड्यातला रेडिओ उतरवला, खांद्यावर घेतला आणि हेडमास्तरांच्या घरी नेऊन दिला, त्यांच्या सेटच्या बदल्यात. मायनं मला फार उशिरा, मरायच्या आधी, सांगितलं, "त्याईनं तुह्यासाठीच नेला वं रेडिओ. चिठ्ठी मागाले गेलते. रेडिओ ठेवून घेतला त्या गुरुजीनं, चिठ्ठी नाई देली." मायला वाटलं मी रडेन. मी रडले नाही. मी म्हणाले, "रेडिओ न्यायला खांदा होता, एक वाक्य बोलायला तोंड नव्हतं?" तिच्या शेवटच्या दिवसांत मी तिला हे ऐकवलं, तेही तुमच्याच खात्यात मांडून ठेवते.

दुसऱ्या दिवशी तुम्ही तो जळका ट्रान्झिस्टर सेटमधून उपटला आणि कचऱ्यात टाकला. मी उचलला. तीन पायांची, शेंगदाण्याएवढी पत्र्याची टोपी. मायच्या काजळाच्या रिकाम्या डबीत ठेवली. तेव्हापासून ती माझ्याजवळ आहे.

तीन वर्षं मी घरी बसले. बसले कसली, लोकांच्या वावरात कापूस वेचला. तुम्ही दुकानात माझ्याशी बोलायचे नाहीत, आणि मीही चहा ठेवून निघून यायचे. मग मामानं नागपूरला नेलं, आयटीआयला घातलं, आणि तिथून दक्षिणेतल्या एका कारखान्यानं बारीक हाताच्या मुली पाहिजेत म्हणून उचललं. केसाहून बारीक सोन्याची तार मायक्रोस्कोपखाली बघून जोडायची. कापूस वेचून वेचून बोटं सोललेली, पण हात हलत नव्हता. तो हात तुमचा होता, ह्याचाही मला राग येतो.

तुम्हाला आयसी ठाऊक नाही. ऐका. ज्या उन्हाळ्यात तुम्ही मला चूप केलं, त्याच्या पाच-सहा वर्षं आधीच अमेरिकेत ही गोष्ट निघालेली होती. सगळ्यांची अडचण एकच होती: सेट मोठा झाला की डाग वाढतात, हजारो डाग, आणि त्यातला एक जरी कच्चा निघाला तरी सगळं मुकं. तुमचा अभिमान ज्या डागावर होता ना, तोच जगाच्या पायातला काटा होता. मग एकाच वेळी दोन कंपन्यांतल्या दोन माणसांना सुचलं की डाग नकोच. सगळे ट्रान्झिस्टर आणि त्यांना जोडणाऱ्या तारा एकाच दगडाच्या तुकड्यात घडवायच्या. दगड म्हणजे सिलिकॉन, वाळूपासून काढलेलं, आरशासारख्या घासलेल्या चकत्या केलेलं. चकती भट्टीत घातली की वर काचेसारखी साय धरते. तिच्यावर उजेडानं बदलणारा लेप द्यायचा आणि नकाशा काढलेल्या काचेतून उजेड पाडायचा. आपल्या गावच्या जिनात कापसाच्या गाठीवर कापलेला पत्रा ठेवून शाई फासतात आणि मार्का उमटतो, अगदी तसं. जिथे लेप धुऊन जातो तिथे आम्लानं त्या सायीत खिडक्या पाडायच्या. त्या खिडक्यांतून भट्टीत फॉस्फरस किंवा बोरॉन कणभर आत मुरवायचा. जिथे फॉस्फरस मुरलेला भाग बोरॉन मुरलेल्या भागाला भिडतो तिथे ट्रान्झिस्टर तयार होतो, थोडासा करंट मोठ्या करंटला आवरतो, तुमचा व्हॉल्व करायचा तेच काम. हे पुन्हा पुन्हा करायचं, शेवटी ॲल्युमिनियमचा थर देऊन त्याच्या रेषा ठेवायच्या, त्या तारा. नखावर मावेल एवढ्या तुकड्यावर तुमचं सगळं दुकान, तुमची सगळी उमर. काच नाही, उजेड नाही, आणि जीव कुठे आहे ते डोळ्यांना दिसत नाही.

त्या दोन कंपन्या मग कोर्टात गेल्या. आधी कोणाला सुचलं, यावर वर्षानुवर्षं वकील भांडले. निकाल लागायची वाट न बघता कंपन्यांनी आपसात समझोता करून टाकला, की दोघांचंही होतं, दोघंही वापरू, आणि धंदा पुढे चालू. कारखान्यात नवीन होते तेव्हा एका साहेबानं हे हसत सांगितलं आणि मला काही हसू आलं नाही. मला वाटलं, बघा, ही माणसं "मी केलं, मी केलं" म्हणून भांडतात. आपल्या घरी एका मेलेल्या ट्रान्झिस्टरवर "मी नाही केलं" एवढं म्हणून दोन माणसं आयुष्यभर मुकी राहिली.

तार जोडता जोडता मी वर सरकले. शेवटची बावीस वर्षं माझं काम एकच होतं: मेलेले आयसी का मेले ते शोधणं. गिऱ्हाईक म्हणतं कंपनीचा माल खराब, कंपनी म्हणते गिऱ्हाईकानं जाळला, आणि मधे मी. वरचं कवच कापायचं, मायक्रोस्कोपखाली ठेवायचं, बघायचं. माझ्या सहीपुढे मोठमोठे साहेब गप्प व्हायचे. बाहेरून तापला असेल तर सगळं एकसारखं वितळलेलं दिसतं, गूळ पातळ व्हावा तसं. करंट उलटा घुसला असेल तर एकाच जागी जळून भोक पडतं, नाहीतर तार मधेच तुटते. फार अवघड नसतं ते. नवीन पोरींना मी पहिल्या आठवड्यात शिकवायचे. म्हणायचे, कोणाचं ऐकू नका, ना गिऱ्हाईकाचं ना साहेबाचं. उघडा आणि बघा. आत खोटं बोलता येत नाही.

निवृत्त झाल्यावरही मला बोलावतात. कालही गेले होते.

बाबा, आता एक सांगते आणि थांबते. आपल्या घरात सेल म्हटला की टॉर्चचा. टॉर्चमध्ये सेल एकामागे एक घालायचे, आणि दोन्ही उलटे घातले तरी दिवा लागतो, म्हणून आपण कोणी कधी बघायचोच नाही. तुमच्या मोठ्या सेटच्या बॅटरीला तर खाच असायची, ती उलटी बसायचीच नाही. सेलला तोंड असतं हे हॉलंडच्या त्या चोपड्यात लिहिलेलं होतं, मी वाचलेलं होतं. पण त्या सकाळी माझं लक्ष सेलकडे नव्हतं. माझं लक्ष हेडमास्तरांच्या पेनाकडे होतं, त्यांनी टोपण काढलं का तिकडे. मी सेल घातले एवढं आठवतं. कसे घातले, ते आठवत नाही. "सरळच घातले होते" हे मी म्हणाले, ते माहीत होतं म्हणून नाही, तुम्ही माझं नाव घेतलं म्हणून म्हणाले.

तुम्ही पकड उचलली नाही, हे खरं आहे. ते मी कधीच सोडणार नाही. पण ती टोपी कापायला मला दहा मिनिटं लागतात, बावीस वर्षं यंत्र माझ्या टेबलापासून वीस पावलांवर होतं, आणि मी परक्यांची हजारो कवचं उघडली. काल यंत्र चालू होतं, खोलीत दुसरं कोणी नव्हतं, डबी माझ्या पर्समध्ये होती. मी पर्स उघडली, आतला चष्मा काढला, पुसला, परत डबीशेजारी ठेवला, आणि पर्स बंद करून घरी आले.